चकतीची भोके का जुळली नाहीत?



या पानावर एरवी आम्ही बेणे, हुमणी, पाचट आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहीत असतो. या खेपेस लोखंडाविषयी लिहायचे आहे. शेतकीची पदविका घेतलेल्या माणसाने ड्रिल आणि बोल्टवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्या ड्रॉइंगवरून हा सगळा प्रकार घडला त्यावर ‘तपासले’ म्हणून सही आमची होती. तेव्हा खुलासा करणेही आमच्याच वाट्याला आले आहे.

हकिगत अशी. गोदाकाठच्या एका गावातील पाच सभासदांकडे मिळून खोडव्याचे बुडखे छाटण्याची दोन यंत्रे आहेत. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारी, आडव्या फिरणाऱ्या चकतीला पाती लावलेली. चकत्या झिजून पातळ झाल्या म्हणून गेल्या हंगामाच्या शेवटी त्यांनी नव्या करून घ्यायचे ठरविले. त्यांच्यापैकी एकाचा पुतण्या शहरातून संगणकावरील ड्रॉइंगचा कोर्स करून आला होता. त्याने जुनी चकती मोजली, संगणकावर काढली, त्यावरूनच सीएनसी मशीनचा प्रोग्राम तयार केला आणि एका वर्कशॉपकडून चकत्या करून आणल्या. आम्ही ड्रॉइंगचा कागद पाहिला, मापे बरोबर दिसली, सही केली.

चकती हबवर बसेना. हबचे मधले अंग चकतीच्या मधल्या भोकात नीट जाई, पण सहा बोल्टांपैकी एकही सरळ उतरत नव्हता. ऊस तुटून आठ दिवस होऊन गेलेले, बुडख्यांना कोंब दिसू लागलेले. आता उशीर करायचा म्हणजे बुडख्यांबरोबर फुटलेले कोंबही छाटायचे. घाईच्या वेळी जे होते तेच झाले. गावातल्या वेल्डरने गॅसने भोके लांबट केली, मोठे वायसर घातले आणि बोल्ट आवळून दिले. दोन दिवस यंत्र चालले. तिसऱ्या दिवशी धडधड वाढली, एकेक करीत बोल्ट तुटले, चकती कलून वरच्या पत्र्यावर आदळली आणि एक पाते मोडून वीस-बावीस पावलांवरच्या बांधात जाऊन रुतले. छाटणीची खोली पाहायला यंत्रामागे चालणारा गडी त्या घटकेला पाणी प्यायला गेला होता, म्हणून निभावले.

मग दोष कुणाचा हे सुरू झाले. चुलते पोराला बोलले, पोरगा वर्कशॉपला बोलला, वर्कशॉपवाले म्हणाले, मशीन चुकत नसते, प्रोग्राम तुमचा. त्या पाचांतले वडीलधारे, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, ते चकती पोत्यात घालून आमच्या कार्यालयात आले. म्हणाले, “साहेब, कागदावर तर समदं बराबर दिसतंय. मग लोखंडावर जाताना मधीच काय भूत शिरतं का?”

प्रश्न अगदी नेमका होता. कागद आणि लोखंड यांच्यामध्ये नक्की काय काय असते हे आम्हालाही तोवर नीट ठाऊक नव्हते. पुढचे पंधरा दिवस आम्ही त्या मुलाबरोबर बसून, दोन टर्नरांना विचारून जे समजून घेतले ते येथे देत आहोत. आता जिल्ह्याच्या गावी सीएनसीवर कापलेले पत्रे आणि चकत्या सहज मिळतात, आपल्या सभासदांची मुले ड्रॉइंगही करू लागली आहेत. तेव्हा हा प्रश्न उद्या कुणाच्याही वस्तीवर येणार आहे.

सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारे मशीन. कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याच्या वक्र आकारावरील बिंदूंचे आकडे काढून त्या आकड्यांवरच मशीन चालवावे ही कल्पना त्याने पुढे आणली आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखविण्यात आले. आज पट्टीऐवजी संगणकाची फाईल असते, एवढाच काय तो फरक. मशीनला चकती म्हणजे काय हे कळत नाही. त्याला फक्त एवढेच सांगितलेले असते की शून्यापासून इतके मिलिमीटर उजवीकडे जा, इतके पुढे जा, खाली उतर, वर ये. सांगितले तिथे ते इमानाने भोक पाडते.

सांगणे मात्र तीन-चार हातांतून जाते. आपल्या उसाच्या नोंदीचेच पाहा. सभासद चिटबॉयला सांगतो, चिटबॉय वहीत लिहितो, गट कार्यालयात ती संगणकावर चढते, त्यावरून तोडणीचा कार्यक्रम निघतो. पहिल्या हाताने गट नंबर चुकीचा लिहिला तर टोळी बिनचूकपणे दुसऱ्याच्याच फडात जाऊन उभी राहते. टोळीचा त्यात काय दोष? तसेच येथे. पहिल्या टप्प्यात ड्रॉइंग होते. दुसऱ्यात त्या ड्रॉइंगवरून हत्याराने कुठून कुठे जायचे तो मार्ग आखला जातो. तिसऱ्यात तो मार्ग त्या विशिष्ट मशीनच्या बोलीत उतरविला जातो. आणि चौथ्यात मशीनवरचा माणूस लोखंड बांधून ‘शून्य येथे’ असे मशीनला दाखवितो. आम्ही सही केली ती फक्त पहिल्या टप्प्यावर, आणि चूक दुसऱ्या व चौथ्याच्या मध्ये होती.

ती सापडली कशी ते सांगतो, कारण यातले सगळ्यात उपयोगाचे तेवढेच आहे. दुसरी चकती गॅस न लावता तशीच पडून होती. तिच्यावर आम्ही पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीने घासून सगळ्या भोकांचा ठसा घेतला. ड्रॉइंगचा तितक्याच मापाचा छापलेला कागद काचेवर ठेवून त्यावर हा ठसा धरला आणि मधले मोठे भोक जुळविले. पाहतो तर बाकीची दहाही भोके, सहा हबची आणि चार पात्यांची, एकाच दिशेला आणि सारखीच सरकलेली. दोन मिमी उजवीकडे, दोन मिमी वर. तिरके मोजले तर २.८ मिमी, म्हणजे एक सुताला थोडे कमी. एकमेकांतली अंतरे मात्र अगदी बिनचूक होती.

दहाही भोके सारखीच सरकली याचा अर्थ मशीन बरोबर चालले, फक्त त्याचा शून्य वेगळ्या जागी होता. हे एखाद्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाणाड्याने सांगितले की उत्तरेच्या बांधापासून ४० फुटांवर बोअर घ्या. सांगणाऱ्याने मोजले बांधाच्या मधल्या दगडापासून, गाडीवाल्याने मोजले बांधाच्या आतल्या पायथ्यापासून. दोघांचेही ४० फूट खरे, बोअर मात्र बांधाच्या अर्ध्या जाडीने सरकले.

आमच्या चकतीत तो बांध २ मिमीचा होता. वर्कशॉपने ४५० मिमीचे चौरस तुकडे, मध्ये ६० मिमीचे भोक पाडलेले, दुसरीकडून कापून आणले होते. त्यावर सीएनसीने दहा भोके पाडायची आणि मग मधल्या भोकावर धरून लेथवर बाहेरून गोल करायचे, असा क्रम होता. मुलाच्या संगणकात मात्र कच्चा तुकडा ४५४ मिमीचा धरला होता. असे सॉफ्टवेअर कच्च्या मालाला चारी बाजूंनी थोडी जास्तीची जागा आपण होऊनच धरते, आणि ती शून्य करायची असेल तर मुद्दाम सांगावे लागते. प्रोग्रामचा शून्य या कल्पनेतल्या ४५४ च्या कोपऱ्यावर, तर मशीनवरच्या माणसाने शून्य दाखविला प्रत्यक्षातल्या ४५० च्या कोपऱ्यावर. चकतीचे केंद्र कोपऱ्यापासून २२५ वर, प्रोग्रामच्या मते २२७ वर. झाले.

पोराला हे दिसले तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “कोपरा घ्यायलाच नको होता. मधल्या भोकाचा मध्य शून्य धरला असता तर काहीच सरकलं नसतं.” बरोबर आहे. ज्या जागी वस्तू बसायची आहे तीच जागा शून्य धरावी. चकती हबच्या मध्यावर बसते, तर शून्य मध्यावर. एखादी पट्टी चौकटीच्या कडेला टेकून बसते, तर शून्य त्या कडेवर. आणि तो कुठे आहे हे ड्रॉइंगवर ठळक खूण करून लिहावे, म्हणजे मशीनवरच्या माणसाला अंदाज बांधावा लागत नाही. हे लिहिलेले नव्हते आणि आम्ही विचारले नाही. सही करणाराने विचारायला हवे होते.

सगळ्याच चुका अशा सारख्या सरकत नाहीत. म्हणून भोके न जुळल्यास आधी ठसा घ्यावा आणि ती कशी बिघडली आहेत ते पाहावे. बिघाडाचा आकारच कारण सांगतो.

मध्यापासून जितके दूर जावे तितका फरक वाढत गेला, तर मोजपट्टीच बदललेली असते. ढोबळ प्रकार म्हणजे इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत. तिथे सगळे २५.४ पट लहान-मोठे होते, आणि ती चूक निदान लगेच दिसते, कारण चकती एक तर अंगठीएवढी होते नाही तर ट्रॅक्टरपेक्षा मोठी. जुन्या पद्धतीच्या ड्रॉइंग फायलींत नुसते आकडे असतात, ते इंच की मिमी हे लिहिलेले असेलच असे नाही. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापे लागू होत गेली, तरी लोहाराच्या तोंडी आजही सूतच आहे, आणि एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी हे गणित करताना कुणी ३ धरतो तर कुणी सव्वातीन. हसण्यासारखे नाही हे. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे पाठविलेले एक यान अशाच दोन मापपद्धतींच्या गोंधळात वाया गेले. खालचा टोला चार सुतांचा आणि वरचा बारा मिमीचा असे एकाच ड्रॉइंगवर लिहून आणणारे सभासदही आम्हाला भेटले आहेत.

वाढत जाणाऱ्या फरकाचे दुसरे कारण नवीन आहे आणि ते आमच्या वस्त्यांवर फार पसरले आहे. मोबाईलवर जुन्या प्लेटचा फोटो काढायचा आणि तो संगणकात टाकून त्यावर रेघा गिरवायच्या. फोटोत जवळचे मोठे दिसते, दूरचे लहान. मोबाईल किंचित तिरका असला तरी गोल वर्तुळ अंडाकृती होते. फोटो आठवणीसाठी ठेवावा, माप मात्र वर्नियरनेच घ्यावे.

कधी प्रत्येक भोक थोडे थोडे करीत सरकत जाते. पहिले बरोबर, दुसरे अर्धा मिमी, नववे चार मिमी. हे सऱ्या पाडणाऱ्याला पटकन कळेल. पाच-पाच फुटांच्या सऱ्या आखताना दर वेळी मागच्या सरीपासून मोजले तर शेवटी पट्टा केव्हा अरुंद झाला ते समजतही नाही. पहिल्या खुंटीपासून ५, १०, १५, २० असे मोजले तर एखादी सरी चुकली तरी ती एकटीच चुकते. ड्रॉइंगमध्येही प्रत्येक भोकाचे अंतर एकाच खुंटीपासून लिहावे. कल्टिव्हेटरच्या चौकटीला फण लावायची भोके पाडताना हे विशेष पाळावे.

मात्र आकडे एका खुंटीपासून असूनही भोके सरकत गेली तर मशीनकडेच पाहावे लागते. अलीकडे स्वस्तातली छोटी मशीने आली आहेत. त्यांची मोटर पावलांनी फिरते, एका फेऱ्याला २०० पावले. हत्यार कुठे अडकले, पट्टा घसरला की काही पावले वाया जातात आणि मशीनला त्याचा पत्ताच नसतो, कारण ते डोळे मिटून पावले मोजत चाललेले असते. परीक्षा सोपी आहे. काम सुरू करताना शून्यावर टोकदार खूण करून ठेवावी, काम संपल्यावर मशीनला पुन्हा शून्यावर बोलवावे. टोक खुणेवर आले नाही तर वाटेत पावले गेली. मोठ्या जुन्या मशीनमध्ये स्क्रूला प्ले आलेला असतो. अशा वेळी डावीकडून गाठलेली भोके एका बाजूला आणि उजवीकडून गाठलेली दुसऱ्या बाजूला पडतात. दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक भोक एकाच बाजूने येऊन गाठायला सांगावे.

एखादेच भोक एकटे चुकले असेल आणि चूक बरोबर त्या भोकाच्या निम्म्या व्यासाएवढी असेल, तर समजावे की प्रोग्राम करताना वर्तुळाच्या मध्याऐवजी त्याच्या कडेवरचा बिंदू निवडला गेला. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाईल जाताना पुष्कळदा वर्तुळाचे बारीक बारीक सरळ तुकडे होतात. डोळ्याला ते गोलच दिसते, पण संगणक त्याला भोक म्हणून ओळखत नाही आणि मग माणूस हाताने बिंदू निवडायला जातो.

डावे-उजवे होण्याचा प्रकार आमच्याकडे रेजरच्या बाजूच्या प्लेटांत घडला. आठांपैकी चार प्लेटा उलट्या निघाल्या. भोके सगळी बरोबर, फक्त आरशात पाहावीत तशी. ज्या प्लेटेला दोन्ही बाजूंनी काम आहे ती मशीनवर उलटताना उजव्या कडेवर उलटली की वरच्या कडेवर, हे ड्रॉइंगमध्ये आणि मशीनवर एकच हवे. प्लेट नुसती सपाट असेल तर ती उलटी करून चालून जाते. खाच किंवा चांभारखोल भोक असेल तर भंगारच.

आपल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये जी हिरवी पाटी असते तिच्यावरची बारीक भोकेही अशाच मशीनवर पडतात. तिथे तांब्याच्या रेघांची फाईल वेगळी आणि भोकांची यादी वेगळी असते. दोन फायलींचा शून्य वेगळा असला की सगळी भोके रेघांच्या शेजारी पडतात. त्यातून भोकांच्या यादीतले आकडे कधी कधी दशांश चिन्हाशिवाय, पुढची किंवा मागची शून्ये गाळून लिहिलेले असतात. वाचणाऱ्याने गाळलेली शून्ये चुकीच्या टोकाला धरली की भोके भलतीकडेच जातात. काम लाखमोलाचे असो की चकतीचे, दुखणे तेच.

आता ज्यात संगणकाचा काहीच दोष नसतो ते. पंपाच्या फ्लँजचे पुष्कळ सभासद विचारतात. चार इंची फ्लँज म्हटले की एकच असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. अमेरिकन मापाच्या १५० क्लासच्या चार इंची फ्लँजला आठ भोके, आणि त्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ज्याला वर्कशॉपात पीसीडी म्हणतात, तो १९०.५ मिमी. पीएन १६ या पद्धतीच्या १०० मिमी फ्लँजलाही आठच भोके, पण पीसीडी १८० मिमी. जुन्या ब्रिटिश ‘टेबल डी’च्या फ्लँजला चारच भोके आणि पीसीडी १७७.८ मिमी. ‘टेबल ई’चा पीसीडी तोच, भोके मात्र आठ. तेव्हा नुसते ‘चार इंची, आठ होल’ असे फोनवर सांगून प्लेट मागविली तर ती बसेलच कशी? पैठणच्या उजव्या कालव्याचे आवर्तन सुटलेले आणि फ्लँज बसत नाही, अशा अवस्थेत सात दिवस काढलेले एक सभासद आहेत. त्यांच्या उसाची पाने दुपारी सुरळी व्हायची ती सकाळीही उलगडेनाशी झाली. त्यांच्याकडे १८० आणि १९०.५ यांचीच गल्लत झाली होती. शेजारच्या दोन भोकांतले अंतर एकात ६८.९ मिमी, दुसऱ्यात ७२.९ मिमी. टेपने मोजताना चार मिमी सहज नजरेतून सुटतात.

पीसीडी मोजण्याची खात्रीची रीत अशी. समोरासमोरची दोन भोके घ्यावीत. एकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजावे आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवावा. मध्ये पाइप असल्याने समोरासमोर मोजता येत नसेल तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर घ्यावे. भोके चार असतील तर त्याला १.४१४ ने, सहा असतील तर २ ने आणि आठ असतील तर २.६१३ ने गुणावे. येणारे उत्तर वर दिलेल्या एखाद्या मापाच्या जवळ आले तर तेच माप धरावे. मधलेच काही आले तर पुन्हा मोजावे.

आणखी एक. दोन्ही फ्लँज अगदी बरोबर असूनही बोल्ट बसत नाहीत, असे होते. आठ भोकांत प्रत्येकी ४५ अंशांचे अंतर असते. एकाचे भोक बरोबर माथ्यावर आणि दुसऱ्याची दोन भोके माथ्याच्या दोन्ही अंगांना सारखी, असे वेल्ड झाले तर २२.५ अंशांचा फेर पडतो. रिवाज असा आहे की माथ्याची मध्यरेषा दोन भोकांच्या मधून जावी. बेंड किंवा टी वेल्ड करून आणताना हे आधी सांगावे, कारण नंतर कापण्याशिवाय इलाज नाही.

ड्रिलही वाट सोडते. हाताच्या मशीनने, पंच न मारता, गोल पाइपावर लांब ड्रिल धरले की टोक घसरणारच. ठिबकच्या सबमेनवर ग्रोमेटची भोके नागमोडी पडतात ती यामुळेच. चुन्याची दोरी ताणून रेघ उमटवावी आणि मगच मोजावे. गॅसने कापलेल्या कडेजवळ लोखंड कडक झालेले असते, तिथेही ड्रिल मऊ बाजूला सरकते. सीएनसीवरसुद्धा आधी आखूड, जाड ड्रिलने खड्डा पाडून मग मोठे ड्रिल मारतात. वर्कशॉपवाल्याने तो खड्डा गाळला का, हे विचारायला हरकत नाही.

नव्या चकत्यांच्या वेळी आम्ही काय केले तेही सांगतो. मुलाने मधल्या भोकाचा मध्य शून्य धरून प्रोग्राम नव्याने केला. ड्रॉइंग पूर्ण मापात कागदावर छापून आणले. येथे एक फसगत आहे. छपाईचे यंत्र चित्र कागदात मावावे म्हणून ते गुपचूप थोडे लहान करते. यासाठी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढायला सांगावी आणि छापून आल्यावर ती स्टीलच्या पट्टीने मोजावी. ९७ भरली तर तो कागद फाडून टाकावा. आमची १०० भरली. तो कागद हबवर ठेवून सहाही बोल्ट त्यातून घालून पाहिले. मग वर्कशॉपमध्ये लोखंडाऐवजी आधी प्लायवूडच्या तुकड्यावर प्रोग्राम चालवायला लावला. अर्धा तास गेला आणि वर्कशॉपवाले थोडे चिडलेही. प्लायवूडची चकती गावी आणून हबवर बसविली, बोल्ट हाताने उतरले, तेव्हा कुठे लोखंड कापायला सांगितले.

गॅसने भोके वाढविण्याविषयी मात्र स्पष्टच लिहितो. जागेवर स्थिर राहणारी वस्तू असेल, म्हणजे पत्र्याचे झाकण, गार्ड, टाकीचा पाया, आणि फरक अर्ध्या मिमीच्या आत असेल, तर भोक रीमरने किंवा गोल कानशीने थोडे मोठे करून चालेल. फिरणाऱ्या वस्तूला हे अजिबात चालणार नाही. सहा बोल्टांनी मिळून उचलायचा भार लांबट भोकांत दोन-तीन बोल्टांवर येतो, ते तुटले की पुढच्यांवर, आणि पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेत असतो. आमच्या चकतीचे केंद्र २.८ मिमी सरकले यानेही धडधड झाली असेल, पण बोल्ट तुटले ते प्लेमुळे. जुन्या भोकांच्या बरोबर मधोमध, म्हणजे सहा भोकांच्या चकतीला ३० अंश फिरवून, नवी सहा भोके पाडण्याची एक युक्ती टर्नर लोक करतात. पण गॅसचा ताव लागलेल्या चकतीवर ती करायला आमच्या वर्कशॉपच्या फोरमनसाहेबांनी साफ नकार दिला, आणि आम्ही त्यांचे ऐकले.

नव्या चकत्या बसल्या तोवर त्या पाच सभासदांच्या खोडव्यातील जवळपास निम्म्या क्षेत्रावरची छाटणी कोयत्याने, मजूर लावून उरकावी लागली होती. उरलेल्यावर यंत्र चालले. त्या मुलाविषयी गावात अजून कुजबुज चालते, म्हणून लिहितो की त्याची चूक त्यानेच शोधून काढली, आणि पुढच्या दोन ड्रॉइंगांवर शून्याची खूण लाल शाईने केली. ज्यांच्या मुलांना हे काम रीतसर शिकायचे असेल त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये ड्रॉइंग, प्रोग्राम आणि सीएनसी मशीनचे अभ्यासक्रम चालतात.

गॅस लावलेली ती चकती आम्ही शेतकी विभागाच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली आहे. कुणालाही पाहता येईल. हंगामापूर्वी ज्या सभासदांना छाटणी यंत्राच्या चकत्या, रेजरच्या प्लेटा किंवा फ्लँज करून घ्यावयाचे असतील त्यांनी जुना भाग माती धुऊन, ग्रीस पुसून, शक्यतो बोल्टांसह गट कार्यालयात आणावा. ठसा घेण्याचा कागद, वर्नियर आणि स्टीलची पट्टी तेथे ठेवलेली आहे. नुसता मोबाईलमधला फोटो आणू नये.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग